वाय-फाय बंद असलेल्या खोलीत लाय-फाय

आमचं काम गाड्यांच्या डिझाइनचं. परदेशी कंपनीची गाडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधी तिचे भाग इथे पुण्यात कॉम्प्युटरवर घडत असतात. त्यामुळे करारातच अट असते: या प्रोजेक्टच्या खोलीत रेडिओवर चालणारं काहीही नको. वाय-फाय नको, ब्लूटूथ नको, बिनवायरचा माउससुद्धा नको. मोबाइल दाराबाहेरच्या लॉकरमध्ये. लॅपटॉपमधलं वाय-फायचं कार्ड आम्ही स्क्रू उघडून काढूनच टाकतो, कारण नुसतं सेटिंगमधून बंद केलेलं कार्ड ऑडिटवाल्यांच्या लेखी चालूच असतं. हे सगळं सांभाळायचं काम माझ्याकडे, म्हणजे आयटीकडे.

एरवी ही अट नडत नाही. प्रत्येकाच्या टेबलाशी गिगाबिटची लॅन आहे, आणि जड असेंब्ली, म्हणजे गाडीचे भाग जोडलेली फाइल, उघडायला वायरीइतकं भरवशाचं काही नाही. नडतं ते रिव्ह्यूच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून डिझाइन तपासायच्या दिवशी. दहा-बारा जण लॅपटॉप घेऊन मधल्या मोठ्या टेबलाभोवती जमतात. कुणी स्क्रीनपाशी उभं राहून बोलतं, कुणी लॅपटॉप हातावर धरून भिंतीवरच्या प्रिंटांपाशी जातं. जमिनीतल्या बॉक्समधून निघालेल्या वायरी सगळ्यांच्या पायात. अशाच एका रिव्ह्यूत कुणाचा तरी पाय अडकला आणि लॅपटॉप खाली. स्क्रीन गेली, डेटा वाचला. दुसऱ्या दिवशी आमचे डिझाइन हेड देशमुख सर माझ्या टेबलाशी आले. "रेडिओ नको म्हणतात ना? मग ते उजेडावर चालणारं नेट मिळतं, ते बघा की."

सरांनी तो जुना व्हिडिओ पाहिला होता. 2011 मध्ये एडिनबरा विद्यापीठाचे प्राध्यापक हॅराल्ड हास यांनी टेड या व्याख्यानांच्या मंचावर टेबललॅम्पमधल्या एलईडीतून व्हिडिओ चालवून दाखवला होता. दिव्याखाली हात धरला की व्हिडिओ थांबायचा, हात काढला की पुन्हा सुरू. लाय-फाय हे नावही त्यांनीच रूढ केलं. तो व्हिडिओ पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात छतावरचा दिवाच नेट देणार हे चित्र इतकं घट्ट बसतं, की पुढचे काही आठवडे मी ते चित्रच खोडून काढत बसले होते. "मग प्रोजेक्टर लावताना दिवे बंद केले तर नेट जाणार का?" हा प्रश्न मला सरांपासून ते हाउसकीपिंगच्या मावशींपर्यंत सगळ्यांनी विचारला.

नाही जाणार. ऑफिससाठी आज जे मिळतं त्यातलं बरंचसं डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडवर चालतं. लाय-फायमध्ये डेटा जातो तो प्रकाश अतिशय वेगाने लुकलुकवून. आपला नेहमीचा पांढरा एलईडी म्हणजे आत निळा एलईडी आणि त्यावर फॉस्फर या चमकणाऱ्या द्रव्याचा पिवळा थर. निळा एलईडी झटकन चालू-बंद होतो, पण फॉस्फर मात्र रेंगाळतो, आणि वेगाला तिथेच लगाम बसतो. शिवाय बोलणं दोन्हीकडून हवं. छताने खाली डेटा पाठवला तर लॅपटॉपनेही वर पाठवायला हवा, आणि त्यासाठी तोंडासमोर लखलखणारा दिवा घेऊन दिवसभर कोण काम करेल? म्हणून इन्फ्रारेड. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला असतो त्याच जातीचा प्रकाश, फक्त कितीतरी पटींनी वेगाने लुकलुकणारा.

खरेदीच्या वेळी वेगळंच त्रांगडं समोर आलं. बाजारात दोन घराणी आहेत. एक आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2019 सालच्या जी.9991 या मानकावर बेतलेलं. दुसरं आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या 802.11बीबी या मानकाचं, जे जून 2023 मध्ये मंजूर झालं. हे दुसरं म्हणजे वाय-फायचंच भावंड: वरची सगळी व्यवस्था वाय-फायची, फक्त रेडिओच्या जागी 800 ते 1000 नॅनोमीटरचा प्रकाश. कागदावर त्याचा वेग 10 मेगाबिटपासून 9.6 गिगाबिटपर्यंत जातो. पण एका घराण्याचा डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा जोड, दुसऱ्याच्या छतावरच्या युनिटशी बोलत नाही. खरेदी विभागाला सवय अशी, की ॲक्सेस पॉइंट (छतावरून नेट देणारे डबे) एकाचे घ्यायचे आणि बाकीचं सामान दुसऱ्याकडून स्वस्तात उचलायचं. इथे ते जमणार नव्हतं, हे पटवायला मला दोन मीटिंगा लागल्या. शेवटी आम्ही जुन्या घराण्यातलं घेतलं, कारण ट्रायलसाठी माल तयार होता आणि विक्रेत्याचा इंजिनिअर आठवडाभर येऊन राहायला तयार होता.

फायनान्सच्या कुलकर्णी मॅडमनी एकच विचारलं, "हे नवीन फॅड तर नाही ना? दोन वर्षांनी कंपनी गाशा गुंडाळेल आणि आपण अडकू." कंपनीचं मी काही सांगू शकत नव्हते, पण फॅड नाही हे सांगायला स्लाइड होती. अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्याचा सहकारी टेन्टर यांनी 1880 मध्ये वॉशिंग्टनमध्ये सूर्यप्रकाशाच्या झोतावरून माणसाचा आवाज 213 मीटरपर्यंत पाठवला होता. त्याला त्यांनी फोटोफोन म्हटलं. त्याच्याही आधी, 1869 मध्ये, हेन्री मान्स या तार खात्यातल्या अधिकाऱ्याने आरशावर ऊन परतवून संदेश पाठवायचा हेलिओग्राफ बनवला, तो कराचीत. म्हणजे तेव्हाच्या आपल्या मुंबई इलाख्यातच. मॅडमनी मुंबई इलाख्याचं ऐकून मान डोलावली, पण सही मात्र ट्रायलचे पैसे परत मिळतील अशी ओळ करारात घातल्यावरच केली. बरोबरच होतं त्यांचं.

डेमोच्या दिवशी इंजिनिअरने छताला तात्पुरता एक युनिट टांगला, लॅपटॉपला यूएसबीचा डोंगल लावला आणि पिंग, म्हणजे लिंक जिवंत आहे का ते सतत विचारणारी कमांड, चालू ठेवून डोंगलवर तळहात ठेवला. स्क्रीनवर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' अशा ओळी पडत गेल्या. हात उचलला, ओळी पुन्हा नीट. सरांनी स्वतः चार-पाच वेळा करून पाहिलं. मग त्यांनी डोंगल भिंतीकडे फिरवला, टेबलाखाली नेला, शर्टाच्या खिशात घातला. खिशात बंद पडलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. "म्हणजे खोलीबाहेर जाणार नाही." मी म्हटलं, "सर, भिंतीतून जाणार नाही." या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते पुढे ऑडिटरने दाखवलं.

छताचं काम आमच्या शिंदेकाकांकडे. फॉल्स सीलिंगची फरशी उतरवून त्यांनी वर डोकं घातलं आणि आतूनच ओरडले, "मॅडम, वायरलेस म्हणता आणि एवढ्या वायरी कशाला?" रास्त प्रश्न. प्रत्येक युनिटला नेटवर्कच्या रॅकपासून स्वतंत्र कॅट-सिक्सची (लॅनची) केबल लागते, त्याच केबलमधून वीजही जाते. वाय-फायचा एक ॲक्सेस पॉइंट जिथे अख्खी खोली सांभाळतो, तिथे लाय-फायला छतावर ठरावीक अंतराने युनिट लावत जावे लागतात, कारण एकेकाचा प्रकाश खाली शंकूसारखा उतरतो आणि टेबलाच्या उंचीला जेमतेम दहा फुटांचं वर्तुळ होतं. पायातल्या वायरी गेल्या त्या छतात जाऊन बसल्या. खर्चाचा मोठा वाटा इथेच जातो, आणि कोटेशनमध्ये ही ओळ बहुतेक वेळा 'बाय क्लायंट', म्हणजे ग्राहकाने करायचं, म्हणून आपल्याच गळ्यात मारलेली असते.

युनिट बसले की नकाशा काढायचा. हे काम मला सगळ्यात आवडलं. लॅपटॉपवर पिंग लावायची, छातीशी धरून हळूहळू चालायचं, आणि जिथे ओळी अडखळतात तिथे जमिनीवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवायचा. पुन्हा उलट दिशेने यायचं. संध्याकाळपर्यंत खोलीभर रांगोळीचे ठिपके टाकावेत तसे टेपचे तुकडे झाले. ते जोडले की वर्तुळं दिसायला लागतात, आणि वर्तुळांच्या मधली भोकंही. दोन वर्तुळं एकमेकांवर थोडी चढायला हवीत, नाहीतर एका युनिटकडून दुसऱ्याकडे जाताना कॉल तुटतो; पण फार चढली तर त्या पट्ट्यात दोघं एकाच वेळी बोलून गोंधळ घालतात. आम्ही दोन युनिट एकेक फरशी सरकवले. शिंदेकाकांनी दोन्ही वेळा कुरकुर केली आणि दोन्ही वेळा स्वतःच नेमकी जागा सुचवली, कारण कुठल्या फरशीवर एसीचा डक्ट आहे ते त्यांनाच ठाऊक.

एक गंमत पांढऱ्या भिंतीची. भिंतीजवळ उभं राहिलं आणि मध्ये माणूस आडवा आला तरी लिंक तुटत नव्हती, फक्त मंदावत होती. भिंतीवरून परतणारा प्रकाश डोंगलला पुरत होता. उलट गडद राखाडी पॅनेल असलेल्या बाजूला माणूस आडवा आला की संपलं. इंटिरिअरवाल्याला जर आधी सांगता आलं असतं तर त्या बाजूलाही पांढराच रंग मारून घेतला असता.

मग माणसं आली. डोंगल हा लाय-फायचा सगळ्यात दुबळा भाग आहे, हे मी अगदी ठामपणे सांगेन. लॅपटॉपच्या कडेला तो बोटभर बाहेर येतो, पोर्ट डावीकडे असेल तर डावखुऱ्यांचा हात सारखा त्यावरून जातो, बॅगेत लॅपटॉप तसाच कोंबला की पोर्ट वाकतो. आमच्या टीममधल्या एका पोराने छोटी एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल वेल्क्रोने स्क्रीनच्या मागे वरच्या कडेला लावला. तिथे त्याला छत मोकळं दिसतं, हाताची सावली पडत नाही. आठवड्याभरात सगळ्यांनी तेच केलं, आणि मी स्टोअरमधून वेल्क्रोचा रोल मागवला. मागणीपत्रावर कारण काय लिहायचं हा प्रश्न होता. 'नेटवर्क साहित्य' लिहिलं.

डोळ्यांचं काय, हाही प्रश्न आला, आणि तो मी हसण्यावारी नेला नाही. टीममध्ये एकजण गरोदर होती, तिने सरळ विचारलं. प्रकाशाच्या उपकरणांची डोळ्यांच्या आणि त्वचेच्या दृष्टीने तपासणी आयईसी 62471 या मानकाने होते. युनिटचा तो रिपोर्ट आम्ही विक्रेत्याकडून घेतला, धोक्याच्या वर्गवारीत तो सगळ्यात खालच्या, सूट असलेल्या गटात आहे हे तिला दाखवलं, आणि रिपोर्टची प्रत बोर्डावर लावली.

वेगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एका वर्तुळात एकटाच असेल तर शंभर मेगाबिटच्या आसपास, चौघं असले की वाटून. पूर्ण गाडीची असेंब्ली यावर उघडायला बसलात तर चहा पिऊन या. म्हणून रिव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी वायरीवर बसून जेटी फाइली, म्हणजे मॉडेलच्या फक्त बघण्यापुरत्या हलक्या प्रती, करून ठेवायची शिस्त लावली. त्या फाइलींना आणि मीटिंगच्या कॉलला हा वेग पुरून उरतो.

खरा त्रास दिला उन्हाने. दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीकडच्या खुर्च्यांवर लिंक लटपटायला लागायची, आणि ढग आले की आपोआप सुधारायची. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो. ते ऊन थेट डोंगलमधल्या फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागावर, पडलं की तो दिपून जातो, आणि छतावरून येणारी बारीक लुकलुक त्याला उमगत नाही. आत गाळणी असते, हव्या त्या तरंगलांबीखेरीज बाकीचं अडवणारी, पण मार्च-एप्रिलच्या पुण्यातल्या उन्हापुढे तिची मजल तेवढीच. खिडकीला उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड होते, ते लोक उघडे ठेवत. आता रिव्ह्यू असेल तेव्हा ते बंद करायची जबाबदारी मावशींनी आपणहून घेतली आहे, आणि कुणी उघडले तर त्या मला येऊन सांगतात.

आता ऑडिटर. ग्राहक कंपनीचा माणूस, शांत, फार न बोलणारा. त्याने आमच्याकडून एक नोंदणी केलेला डोंगल मागून घेतला, खोलीबाहेर गेला आणि कॉरिडॉरमध्ये काचेच्या पार्टिशनला लागून लॅपटॉप उघडून उभा राहिला. लिंक लागली. मंद, पण लागली. भिंतीतून प्रकाश जात नाही हे खरं, पण काचेतून जातो. आम्हाला बाहेरची हिरवळ दिसते ती त्याच गुणामुळे. मी सांगितलं, की डेटा एन्क्रिप्ट केलेला आहे, अनोळखी डोंगल आत घेतलाच जात नाही. तो म्हणाला, ते ठीक आहे, पण तुम्ही कागदावर लिहिलंय की सिग्नल खोलीबाहेर जात नाही.

काचेवर फ्रॉस्टेड फिल्म होती. तिने आतलं चित्र धूसर होतं, प्रकाश अडत नाही. मग काळा पडदा लावून बघायचं ठरलं. तपासायला मोबाइलचा कॅमेरा हवा, कारण बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. घरातला रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की हे कुणालाही पाहता येईल. पण त्या खोलीकडे कॅमेरा रोखायचा म्हणजे केवढा सोपस्कार! सुट्टीचा दिवस, भिंतीवरचे सगळे प्रिंट उतरवलेले, स्क्रीन बंद, सिक्युरिटीचा माणूस शेजारी, तेव्हा कुठे एका फोनला परवानगी मिळाली. काळा पडदा ओढला. डोळ्यांना मिट्ट अंधार. फोनच्या स्क्रीनवर मात्र पडद्यामागे छतावरचे जांभळे ठिपके लुकलुकत होते. पॉलिस्टरच्या कित्येक काळ्या कापडांचा काळेपणा दिसणाऱ्या प्रकाशापुरताच असतो, इन्फ्रारेड त्यातून आरपार जातो. सिक्युरिटीवाला माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाला, "आयला, हे तर दिसतंय!"

शेवटी सुताराला बोलावलं. काचेला आतून सनमायका लावलेलं प्लाय ठोकलं, दाराची काच काढून साधं फ्लश डोअर बसवलं. दाराखालच्या फटीतून फरशीवरून परतलेला प्रकाश कॅमेऱ्यात दिसत होता, तिथे रबराची पट्टी लावली. ऑडिटर पुन्हा आला, कॉरिडॉरमध्ये तीन ठिकाणी लॅपटॉप उघडला, पट्टीजवळ तर चक्क जमिनीवर मांडी घालून बसला. लिंक नाही. सही झाली. रेडिओच्या बाबतीत असं काही करायचं तर खोलीला चारही बाजूंनी, छताला आणि जमिनीलाही धातूचं आवरण घालावं लागतं; इथे सुतार आणि रबराची पट्टी पुरली. या सगळ्या खटाटोपात पैशाला खरा मोबदला मिळाला असेल तर तो इथेच.

रिव्ह्यू आता बिनवायरीचे होतात. खोली चालते म्हटल्यावर ऑफिसात बाकीच्यांचे डोळे लागले. एचआरने दुसऱ्या मजल्यावरच्या कॉन्फरन्स रूमसाठी मागणी केली. पाहुण्यांना दाखवायला बरं, असं त्यांचं म्हणणं. तिथे मी नाही म्हटलं. पाहुणे स्वतःचे फोन घेऊन येतात, आणि त्या फोनमध्ये प्रकाश टिपणारं काही नसतं. दारात प्रत्येकाच्या हातात डोंगल ठेवायचा आणि जाताना मोजून घ्यायचा, हे कोण करणार? तिथे वाय-फायचा एक ॲक्सेस पॉइंट वाढवून दिला.

दुसरी मागणी विचार करण्यासारखी आहे. रस्त्यापलीकडे आमची टेस्टिंगची शेड आहे, आणि फायबर टाकायचा तर रस्ता खोदावा लागतो. त्यापेक्षा टेरेस ते टेरेस प्रकाशाचा झोत टाकला तर? हे लाय-फायचं थोरलं भावंड. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिच्या तेव्हाच्या तारा प्रकल्पाने काँगो नदीवर, ब्राझाव्हिल आणि किन्शासा या समोरासमोरच्या राजधान्यांमध्ये, 4.8 किलोमीटरची अशी लिंक चालवली आणि 20 दिवसांत जवळजवळ 700 टेराबाइट डेटा तिच्यावरून गेला. आमचं अंतर त्यापुढे काहीच नाही. सरांना भीती पावसाची वाटते. पण या प्रकाशाला पावसापेक्षा धुकं जास्त नडतं: पावसाचे थेंब मोठे आणि विरळ, धुक्याचे कण बारीक आणि दाट, ते झोत विखरून टाकतात. पुण्यात दाट धुकं थंडीतल्या मोजक्या सकाळी पडतं, आणि सकाळी सातला शेडमध्ये कुणी नसतं. दोन विक्रेत्यांकडून कोटेशन मागवलंय. रस्ता खोदायची परवानगी त्याआधी आली, तर मात्र फायबरच टाकू.